निवडणुकीआधी तरुण मुलांना खोटे मेसेज ओळखायला कसं शिकवावं

निवडणूक जाहीर झाली की मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीच्या, मंडळाच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्डचा पूर येतो. खोटं एकदा मनात बसलं की नंतर आलेला खुलासा कुणी धड वाचतही नाही. म्हणून शिकवायचं ते आधीच, मतदानाला दोन-तीन महिने असताना. सोळा ते बावीस वयाची दहा-पंधरा मुलं, मंडळाची खोली, रविवारची सकाळ आणि हातात फोन, एवढं पुरतं.

१. सुरुवात पक्षांपासून नको. नेत्याचा व्हिडिओ लावलात की खोलीत दोन तट पडतात आणि पुरावा बाजूला राहतो. त्यापेक्षा मतदानाच्या पद्धतीबद्दलची अफवा घ्या. २०१९पासून फिरणारा एक मेसेज यासाठी उत्तम आहे: ‘यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९-अ खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत कुणी आधीच दिलं असेल तर टेंडर व्होट मागा. टेंडर व्होट १४ टक्क्यांच्या वर गेली तर फेरमतदान होतं.’

हा मेसेज छापून वाटा आणि विचारा, यातलं खरं काय? मुलांना भरपूर वेळ द्या, कारण सगळं शिक्षण इथेच आहे. टेंडर व्होट खरंच असतं. आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिलं असेल, तर नियम ४९-पी प्रमाणे आपल्याला मत देता येतं, पण मशीनवर नाही, मतपत्रिकेवर. चॅलेंज व्होटही असतं, पण त्याचा अर्थ वेगळा: मतदार तोच आहे का, यावर पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा केंद्रावरचा प्रतिनिधी, दोन रुपये भरून आक्षेप घेतो. यादीत नाव नसेल तर मात्र कुठलंही कार्ड दाखवून मत देता येत नाही. आणि १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. अशा मेसेजवर विसंबलेला माणूस यादी आधी बघत नाही आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येतो. हे नुकसान मुलांना लगेच कळतं.

२. विचारायचं कुणाला, हे पक्कं करा. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. मोठी माणसंही इथे गोंधळतात. यादीतलं नाव मतदार पोर्टलवर किंवा १९५० या हेल्पलाइनवर कळतं. प्रत्येक मुलाने तिथल्या तिथे घरच्या एकाचं तरी नाव शोधून दाखवावं.

३. फोटो आणि व्हिडिओ. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून सर्वांत जुनी तारीख बघायची. पंधरा सेकंदांची क्लिप आली तर पूर्ण भाषण शोधायचं. आवाज ‘खराच वाटतो’ यावर आता विसंबता येत नाही, एआयने कुणाचाही आवाज बनवता येतो.

४. घरच्यांशी बोलण्याची तालीम. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक जण तोच गाळतात. ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘हे फेक आहे’ लिहिलं की मोठी माणसं दुखावतात आणि हट्टाला पेटतात. दोघांनी समोर बसून बोलून बघावं: ‘आजी, तो यादीचा मेसेज कुणी पाठवला तुला? चल, तुझं नाव आत्ताच बघूया.’ चूक दाखवण्याआधी तिचं काम झालं, की ती पुढचं ऐकून घेते. पुढचा मेसेज तीच विचारायला आणते.

५. शेवटचे ४८ तास. कायद्याने जाहीर प्रचार थांबतो, पण फॉरवर्ड थांबत नाहीत, आणि खुलाशाला वेळ उरत नाही. या काळात पडताळल्याशिवाय काहीही पुढे पाठवायचं नाही, असं मुलांकडून आधीच ठरवून घ्या.

उठण्यापूर्वी ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांचा फॉर्म ६, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, भरून घ्या. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. महापालिकेसाठी विधानसभेचीच यादी वापरतात, तीही ठरावीक तारखेपर्यंतची, त्यामुळे हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.