किचन ट्रॉली बसवताय? विदर्भातल्या घरात या चुका टाळा

कापूस विकला, सोयाबीनचे पैसे हाती आले किंवा घरात लग्न ठरलं, की पहिली दुरुस्ती निघते ती सयपाकघराची. जुना कडप्प्याचा ओटा, त्याखाली ताणलेला पडदा, पडद्यामागे तेलाचे पिपे आणि डबे. ते सगळं काढून ट्रॉल्या आणि शटरची कपाटं बसवायची असतात. नागपूर-अमरावतीच्या शोरूममध्ये डोळे दिपतात, भाव ऐकला की माणूस गुपचूप परत येतो, आणि मग तालुक्याच्या दुकानातलं मधल्या भावाचं काम पसंत पडतं.

मधल्या भावात टिकाऊ काम होतं, यात शंका नाही. अडचण निवडीत आहे. कपाट आपण समोरून, रंग आणि चमक पाहून घेतो. आपल्या भागात ते खराब होतं खालून आणि मागून. सिंकखाली पाणी गळतं, भिंतीतून उधई येते, काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात हलते. पैसा आधी तिथे घाला. शटर लाल घ्यायचं की क्रीम, हे शेवटी ठरवलं तरी चालतं.

सगळीकडे एकच माल लावणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दुकानदार विचारतो, "भाऊ, पार्टिकल बोर्ड घ्याचा का प्लाय?" पार्टिकल बोर्ड म्हणजे गोंदात दाबलेला लाकडाचा भुसा, प्लाय म्हणजे एकमेकांवर चिकटवलेले लाकडाचे पातळ थर. आपण एक काहीतरी सांगतो आणि सिंकखालच्या खणापासून छताजवळच्या कपाटापर्यंत तेच लागतं. एक तर सगळं स्वस्त होतं, नाहीतर सगळं महाग.

दोन-तीन वर्षं जुन्या, पार्टिकल बोर्डाच्या ओट्याखालचं सिंकचं शटर उघडून पाहा. आधी कुबट वास येतो. सिंकच्या नळीच्या जोडातून थेंबथेंब पडलेल्या पाण्याचा गोल डाग तळाच्या फळीवर दिसतो. डागाच्या कडेने सनमायका उचललेला असतो, आणि अंगठ्याने दाबलं तर फळी चहात भिजलेल्या बिस्किटासारखी दबते. हाच बोर्ड वरच्या कपाटात, पाण्यापासून लांब असता तर आणखी कितीतरी वर्षं टिकला असता.

म्हणून माल जागेप्रमाणे वाटून घ्या. सिंकखालचा बॉक्स आणि त्याच्या शेजारचा एक खण IS 710 या भारतीय मानकाच्या, पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा करा. वरच्या, भिंतीवरच्या कपाटांना IS 303 मानकाचा साधा एमआर प्लाय किंवा चांगला प्रीलॅम बोर्ड (वरचा थर कारखान्यातच चिकटवून आलेला) पुरतो. शटरसाठी एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट लाकडी बोर्ड) घेतलं तरी हरकत नाही, सपाट राहतं. साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) मात्र सिंकच्या आसपास नको, कडेने पाणी पिऊन फुगतो.

आणि खरं सांगायचं तर ओट्याखाली प्लायचे बॉक्स हवेतच असंही नाही. उभ्या कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या पट्ट्यांवर ओटा बांधायचा, आत आडवे कडप्पे टाकायचे आणि समोर फक्त फ्रेम व शटर बसवायची. दगड पाण्याने फुगत नाही, उधई त्याला खात नाही, आणि वाचलेल्या पैशात चांगल्या बिजागऱ्या येतात. शोरूमवाला हे सुचवणार नाही, कारण त्यात त्याचा बॉक्स विकला जात नाही. गावातल्या घरासाठी माझी पहिली पसंती हीच आहे. घरकुलातल्या लहानशा सयपाकघरात तर दुसरा विचारही करू नये. एवढ्या जागेत तिन्ही भिंतींना कपाटं लावली की माणसाला फिरायला जागा उरत नाही.

"वॉटरप्रूफ आहे" यावर विश्वास ठेवणे

प्लायवर छापलेला '710' हा शिक्का कुणीही मारू शकतो. खऱ्या मालावर आयएसआयच्या खुणेसोबत CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

IS 710 च्या प्लायचा गोंद 72 तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, अशी मानकाची अट आहे. एमआर म्हणजे फक्त ओलसर हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. शंका असेल तर कापलेला वीतभर तुकडा मागून आणा, रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून अंगणातल्या चुलीवर दिवसभर उकळा आणि गार झाल्यावर थरांमध्ये चाकूचं टोक घालून पाहा. एमआरचा तुकडा असेल तर थर सुटे होतात. चांगल्या मालात टोक शिरत नाही, लाकूड फाटतं पण जोड सुटत नाही. सयपाकाच्या भांड्यात मात्र हा प्रयोग करू नका, प्लायमध्ये गोंदाबरोबर कीड मारण्याचं औषधही असतं.

कापलेली कडही बघा. आतल्या थरांत फटी असतील तर तिथे स्क्रू धरत नाही आणि उधईला आयतं घर मिळतं. 'अल्टरनेट' म्हणून मिळणाऱ्या प्लायमध्ये एक थर पॉप्लरचा आणि एक निलगिरीचा असतो. स्वस्त पडतो, वरच्या कपाटाला चालतो, पण बिजागरीवर जड शटर लोंबकळणार असेल तर पूर्ण हार्डवुडचा घ्या. जाडी तोंडी विचारू नका, 18 मिलिमीटर म्हणून 16 चा माल देणारे आहेत. सुताराकडे व्हर्नियर नसेल तर दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीने मोजा, 18 सेंटिमीटर भरले पाहिजेत.

घरचं सागवान आहे म्हणून तेच वापरणे

चंद्रपूर-गडचिरोलीकडे, आणि यवतमाळातही, बांधावर सागाची झाडं असतात. "घरचं लाकूड आहे, शटर त्याचेच करून टाकू" हा मोह होतोच. पहिली गोष्ट परवानगीची. साग हे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खाली येणारं झाड आहे, स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि लाकूड हलवायला वनविभागाचा पास लागतो.

दुसरी गोष्ट लाकडाची. ताजं तोडलेलं सागवान मे महिन्यात चिरलं, जूनमध्ये शटर केलं, तर दिवाळीपर्यंत ते वाकतं. फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या देऊन, सावलीत हवेशीर रचून निदान काही महिने वाळू द्याव्या लागतात. सागाचा आतला तपकिरी गाभाच टिकाऊ असतो. सालीजवळचा पांढरट भाग भुंगा पोखरतो आणि खाली बारीक पिठासारखा भुसा पडत राहतो. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. म्हणून घरच्या सागाच्या फ्रेमा आणि कडेच्या पट्ट्या करा, रुंद शटर प्लायचेच असू द्या.

पीव्हीसीला सगळ्यावरचा उपाय समजणे

गावोगावी आता पीव्हीसीचं फर्निचर बसवून देणारे फिरतात. पाणी लागत नाही, उधई लागत नाही, दोन दिवसांत काम तयार. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पीव्हीसी साधारण 75-80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वर टिनाचं छप्पर असतं, आणि शेगडीच्या शेजारच्या शटरला तासन् तास धग लागते. तिथे पट्टी वाकते. पोकळ पट्ट्यांच्या शटरमधून बिजागरीचे स्क्रूही निघून येतात. सिंकखाली पीव्हीसी जरूर लावा, घ्यायचं तर भरीव बोर्ड घ्या, शेगडीजवळ नको. अजून चूलही पेटत असेल तर तिच्या हाताभर अंतरात कुठलंच कपाट नको.

चुंबक लावून स्टील पारखणे

ट्रॉलीच्या जाळ्या घेताना दुकानदार खिशातून चुंबक काढतो, जाळीला लावतो, चिकटत नाही. "पाहा, 304." 304 म्हणजे गंज कमी धरणारी स्टीलची महाग जात. पण या परीक्षेला काही अर्थ नाही. 202 जातीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. उलट अस्सल 304 ची तार ओढून बारीक केली की तिला थोडासा चिकटू शकतो. स्टीलचं काम करणाऱ्यांकडे तपासणीचं द्रावण मिळतं. थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की 202 वर लाल रंग येतो. तेवढं करून मागा, किंवा बिलावर '304' लिहून घ्या.

फरक कुठे पडतो? मिठाची बरणी, लोणचं, चिंच, ओली भांडी. या जाळ्या 202 च्या असतील तर जोडांवर तांबूस ठिपके येतात. कांदे-बटाटे आणि कोरड्या डब्यांची जाळी 202 ची असली तरी बिघडत नाही. पैसे तिथे वाचवा.

वर्षाचं धान्य ट्रॉलीत भरणे

शोरूममधली ट्रॉली शहरातल्या किलो-दोन किलोच्या डब्यांसाठी असते. आपल्याकडे गव्हाचा 50 किलोचा कट्टा, भंडारा-गोंदियाकडे तांदळाचे कट्टे, घरची तूरडाळ, 15 किलोचा तेलाचा पिपा. ट्रॉली ज्यांच्यावर सरकते ते, साधारण बाजारात मिळणारे टेलिस्कोपिक चॅनल 45 किलोपर्यंतचे म्हणून विकले जातात, तेही वजन नीट वाटलेलं असेल तर. पिपा ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात ठेवला की चॅनल वाकतं आणि गोळ्या निखळतात. कोठी आणि पिपे यांच्यासाठी ट्रॉली न लावता खाली मोकळा, शटर नसलेला खण सोडा.

वरच्या कपाटाचंही तेच. भिंत मातीची किंवा जुन्या मातीच्या जुडाईची असेल तर फास्टनर (भिंतीत ठोकायचा बोल्ट) धरत नाही, वाळवणाचे डबे भरले की कपाट प्लास्टरसकट खाली येतं. अशा भिंतीला टांगू नका, जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट करा.

पाठ आणि पाय विसरणे

भाव कमी करायचा म्हटला की मिस्त्री पहिल्यांदा मागची फळी गाळतो. "मागं भिंतच आहे ना." मग झुरळं, उंदीर आणि उधई सरळ डब्यांपर्यंत येतात. निदान 6 मिलिमीटर प्लायची पाठ हवी, भिंतीपासून बोटभर सोडून. खाली बॉक्स थेट फरशीवर टेकवू नका. आपण सयपाकघर पाणी ओतून धुतो, ते पाणी बॉक्सखाली जातंच. चार इंची, फिरवून उंची कमी-जास्त होणारे पाय लावा.

उधईसाठी ट्रॉली बसवण्याआधीच भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरून घ्या. नंतर करायचं तर सगळं बाहेर काढावं लागतं. मातीच्या नळ्या खरवडून रॉकेल मारणं हा उपाय नाही, वस्ती जमिनीत असते.

गॅस सिलिंडर बंद कपाटात ठेवू नका, गॅस कंपन्यांची सूचनाच तशी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. त्या खणाला शटर नकोच. अगदी लावायचंच असेल तर खालपासून जाळीचं. रेग्युलेटर लावून सिलिंडरची उंची आधी मोजा. ओटा बांधून झाल्यावर सिलिंडर आत जात नाही, ही तक्रार नवी नाही.

भाव ऐकणे, पण मोजमाप न विचारणे

दहा फूट लांब ओटा, खाली अडीच फूट जागा. समोरून 25 चौरस फूट झाले. एक मिस्त्री या 25 फुटांचा भाव सांगतो, बॉक्ससकट. दुसरा फक्त शटरचा सांगतो. तिसरा आतल्या प्रत्येक फळीचे फूट धरतो, त्याचा दर सगळ्यात कमी वाटतो आणि बिल सगळ्यात मोठं येतं. जाळ्या, चॅनल, बिजागऱ्या, हँडल, कडेची पट्टी, गाडीभाडं यातलं काय धरलंय, ते कागदावर घ्या. कडेची पट्टी मशीनने चिकटवलेली मागा. हाताने लावलेली शेगडीजवळ आधी सुटते. पावसाळ्यात उघड्या गाडीतून माल आणू नका आणि नवं प्लास्टर पूर्ण सुकल्याशिवाय काही बसवू नका. ओल लाकडात उतरते.

बसवल्यानंतर बिघडलं तर

शटर तिरकं झालं असेल तर आधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या, सुताराला नंतर बोलवा. ऑटो हिंजवर (आपोआप मिटणाऱ्या बिजागरीवर) शटरच्या बाजूचा स्क्रू शटर डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर करतो, आणि कपाटाच्या बाजूच्या फळीवर बसवलेल्या पट्टीचे दोन ढिले केले की ते वर-खाली होतं. स्क्रूचं भोकच मोठं झालं असेल तर प्लायमध्ये फेव्हिकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून, वाळल्यावर पुन्हा स्क्रू लावा. पार्टिकल बोर्डात हे टिकत नाही, तिथे बिजागरीची स्टीलची दुरुस्ती-पट्टी मिळते ती लावा.

सिंकखालची फळी फुगली तर आधी गळती बंद करा, मग फक्त तळाची फळी बदला. बहुतेक वेळा बाजूच्या फळ्या वाचतात.

जुलै-ऑगस्टमध्ये शटर एकमेकांना घासायला लागले, तर लगेच रंधा मारू देऊ नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, फरशी किंचित उचलली जाते आणि लाकूडही दमट हवेने जाडावतं. पाय फिरवून लेव्हल करून पाहा. जमत नसेल तर दिवाळीनंतर, माती सुकली की परत तपासा. पावसाळ्यात रंधलेल्या शटरला उन्हाळ्यात बोटभर फट पडते आणि तिच्यातून झुरळं शिरतात.