सरावाचे पेलेट घेताना: टेन मीटर एअर रायफलला नव्याने लागलेल्यांसाठी

रायफल क्लबची असते, जॅकेट एखाद्या सीनियरचं जुनं मिळतं. खिसा रिकामा होतो तो पेलेटमध्ये, म्हणजे शिशाच्या छोट्या छऱ्यांमध्ये. 500 चा डबा, रोजचे शंभरेक शॉट. आठवडा निघत नाही. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर शेजारच्या लेनमध्ये जर्मन मॅच पेलेटचा (स्पर्धेच्या दर्जाच्या पेलेटचा) डबा उघडा दिसला की जीव खालीवर होतो. होऊ देऊ नका. पहिलं वर्ष स्वस्त पेलेटवर निभतं, फक्त ते .177 चे (म्हणजे साडेचार मिलिमीटरचे) आणि चपट्या डोक्याचेच हवेत.

फसगत होते ती लॉटमध्ये, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालात. कंपनी तीच, डब्यावर हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास) तीच 4.50, पण लॉट नंबर वेगळा असला की त्याच बॅरलमधून ग्रुप (शॉटचा पुंजका) वेगळा पडू शकतो. माझा डबा असाच बदलला आणि शॉट पसरायला लागले. ‘ट्रिगर झटक्याने ओढतेस,’ असं मला ऐकवलं गेलं. कितीतरी दिवस मी बोट सुधारत बसले. शेवटी रायफल वाइसमध्ये (घट्ट आवळणाऱ्या शिकंज्यात) पकडून दोन्ही डब्यांतले पाच-पाच शॉट मारले, तेव्हा दोष पेलेटचा निघाला. अजून आठवलं की चिडचिड होते.

हिशेब नीट समजून घ्या. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट साडेचारचा. ठिपक्याला नुसता काठ लागला तरी दहा. म्हणजे सगळे शॉट दहात हवेत तर सगळ्यांचं मिळून पडलेलं भोक काठापासून काठापर्यंत साडेनऊ मिलिमीटरच्या आत बसायला हवं. वाइसमध्येच पेलेट आठ मिलिमीटरचं भोक पाडत असेल, तर तुमच्या हलण्यासाठी उरला दीड मिलिमीटर! अशा डब्यावर स्वतःचा स्कोअर जोखू नका. पोझिशन, श्वास, ट्रिगर यांच्या सरावाला तो चालतो.

म्हणून आधी एकच डबा आणा, वाइसवर बघा. जमला तर लगेच त्याच लॉटचे डबे दोघातिघांत मिळून उचला. डबा उघडल्यावर पेलेटचा स्कर्ट (मागची पोकळ कड) उजेडात धरून बघा; चेपलेला असेल तर बाजूला टाका. काट्यावर एकेक पेलेट तोलणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. तो वेळ ड्राय फायरिंगला (पेलेट न भरता ट्रिगर दाबायच्या सरावाला) द्या, त्याला पैसा लागत नाही आणि हात त्यानेच बसतो.

मॅच पेलेट स्पर्धेपुरते घ्या, पण काही दिवस आधी उघडा. पेलेट बदलला की मार सरकतो, नेमाची साइट पुन्हा लावावी लागते. आणि पेलेट शिशाचे आहेत: रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.