‘फ्युचुरामा’चे प्रमेय वर्गात करून दाखवताना

‘फ्युचुरामा’ या विज्ञानकथेवरील अ‍ॅनिमेशन मालिकेच्या २०१० मधील एका भागासाठी लेखक केन कीलर यांनी, ज्यांनी उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळवली आहे, एक प्रमेय खरोखरच सिद्ध केले: दोन-दोन शरीरांमधील मनांची कितीही अदलाबदल झाली आणि एकदा अदलाबदल केलेली जोडी पुन्हा वापरता येत नसली, तरी दोन नव्या व्यक्तींच्या मदतीने प्रत्येकाला मूळ शरीर परत मिळते.

सांगलीतील एखाद्या शाळेच्या गणित मंडळात हे सहज करून दाखवता येईल. अ, ब, क, ड अशा चार मुलांना आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या टोप्या द्याव्यात (मूल म्हणजे शरीर, टोपी म्हणजे मन; क आणि ड या दोन नव्या व्यक्ती), अ आणि ब यांच्या टोप्या आपसांत बदलाव्यात आणि मग क–अ, ड–ब, क–ब, ड–अ, क–ड याच क्रमाने अदलाबदल करावी. प्रत्येक जोडी फळ्यावर लिहीत जावे, म्हणजे एकही जोडी पुन्हा आलेली नाही हे मुलांना स्वतः पडताळता येते.