अक्षरांआधी कागद वाचा

कागद-संवर्धन शिकायला लागून मला जेमतेम तीन-चार महिने झाले होते. पेन्सिलीनं लिहिलेलं एक जुनं पत्र हातात आलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, म्हणून ते धुवायचं ठरलं. शिसपेन्सिल पाण्यात विरघळत नाही हे पाठ होतं, त्यामुळे कोपऱ्यात एक थेंब टाकून बघायचंही मला सुचलं नाही. पत्र पाण्यात सोडलं आणि अक्षरांभोवती जांभळा रंग पसरू लागला. ती कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात ॲनिलीन रंग, म्हणजे पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग, मिसळलेला असतो. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखीच करडी दिसते, ओल लागली की जांभळी होते. मी पत्र लगेच उचलून टिपकागदात घातलं, पण पसरलेला रंग माघारी आणता येत नाही.

या कामात नव्यानं येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘यावर काय लावायचं?’ सुरुवातीचे काही महिने काहीच लावू नका. नुसतं बघा. भिंग घ्या, कागदावर तिरपा प्रकाश पाडा, पान उलटून मागची बाजू बघा. कागदावरच्या प्रत्येक डागाला आकार असतो, आणि दुखणं कागदाच्या आतलं आहे की बाहेरून आलेलं आहे, हे बहुतेकदा त्या आकारावरूनच कळतं.

आतलं दुखणं म्हणजे कागद कशाचा आणि कसा बनला ते. चारशे वर्षांपूर्वीचं पान हातात लवचीक लागतं आणि साठ-सत्तर वर्षांचं वर्तमानपत्र घडीवर तुटतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच वाटेना. जुना कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांचा, त्याला शाई फुटू नये म्हणून दिलेली खळ जिलेटिनची. 1807 मध्ये मोरित्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी वापरून खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1840 च्या दशकात फ्रीडरिश केलर यांनी लाकूड दगडावर घासून लगदा काढायचं यंत्र तयार केलं. कागद स्वस्त झाला आणि त्याचं आयुष्य घटलं. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं, ते सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या पदार्थाच्या, लांब साखळ्या तोडत जातं. साखळ्या आखूड झाल्या की कागद ठिसूळ होतो. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ, उजेडानं पिवळं पडतं. शिवाय कागद झिजताना स्वतःच नवं आम्ल तयार करतो, त्यामुळे झीज वयाबरोबर वेग घेते. उष्णता आणि दमटपणा तिला आणखी घाई करतात.

शाईचं दुखणंही आतलंच. मायफळ, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांची शाई युरोपात शतकानुशतकं वापरली गेली. तिच्यातलं आम्ल कागद कुरतडतं आणि मोकळं राहिलेलं लोह ऑक्सिडीकरणाला चालना देतं. आधी पानाच्या मागे अक्षरांची तपकिरी सावली उमटते, मग रेघेवर तडा जातो, शेवटी अक्षरच गळून पडतं आणि त्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. अशा पानावर ओलसर ब्रशही फिरवू नका. पाण्याबरोबर लोह आजूबाजूच्या निरोगी कागदात शिरतं.

बाहेरून येणारी दुखणी ओळखायला तुलनेनं सोपी. चित्राभोवती चौकोनी तपकिरी रेघ दिसली तर दोष आम्लयुक्त पुठ्ठ्याच्या माउंटचा, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या चौकटीचा. लाटेसारखी कड असलेला डाग पाण्याचा. वरचा थर खरवडल्यासारखा दिसला तर कसर लागलेली असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ 65 टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीची वाट बघायची. उजेडाचं मात्र नीट समजून घ्या. जलरंगांसाठी 50 लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, पण 50 लक्समध्ये दहा तास आणि 500 लक्समध्ये एक तास, दोन्हींचा हिशेब साधारण सारखाच. उजेडाचं नुकसान साठत जातं. चित्र नंतर अंधारात ठेवलं तरी उडालेला रंग परत येत नाही.

आणि चिकटपट्टी. मायेनं केलेलं इतकं नुकसान मी दुसऱ्या कशानं झालेलं पाहिलेलं नाही. फाटलेलं पान कुणीतरी जपायचं म्हणूनच जोडलेलं असतं. काही वर्षांनी तिचा गोंद मऊ होऊन कागदाच्या तंतूंत मुरतो, मग पिवळा-तपकिरी होऊन कडक बनतो. पट्टी आपोआप सुटून पडते, डाग राहतो. तो काढण्यात माझे कित्येक आठवडे गेले आहेत, आणि बऱ्याचदा तो पूर्ण निघतही नाही. आम्ही फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो, कारण पुढे कुणाला ती जोडणी काढावीशी वाटली तर ओलावा देऊन सोडवता येते.

शिकायला मौल्यवान कागद लागत नाही. वर्तमानपत्राची एक पट्टी आणि चांगल्या सुती कागदाची एक पट्टी घ्या, दोन्हींचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. दर आठवड्याला झाकण उचलून काय दिसलं ते तारीख घालून वहीत लिहा. महिन्याभरानं दोन्ही पट्ट्या एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडा आणि कोणती कितव्या घडीला तुटते ते मोजा.