नवीन घर किती तापतं? तपासताना या चुका टाळा

नवा फ्लॅट बघायला माणसं सकाळी अकराला जातात, तेही दिवाळीच्या सुमारास. खिडक्या उघड्या, वारा खेळतोय, घर थंडगार. ताबा मिळतो, एप्रिल उजाडतो आणि रात्री दहा वाजता वरून कुणीतरी शेगडी पेटवल्यासारखं वाटायला लागतं. घर बदललेलं नसतं, तपासायची वेळ चुकलेली असते.

चूक पहिली: दुपारच्या उन्हात तपासणं

गच्चीखालचा १५० मिमीचा काँक्रीट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला चार-पाच तास लागतात. त्यामुळे छताची आतली बाजू सर्वात तापते ती संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान. पश्चिमेच्या भिंतीचं त्याहून उशिरा, कधीकधी रात्री नऊनंतर. म्हणून मार्च ते मेमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास जा, आणि घर त्याआधी दोन तास बंद ठेवायला सांगा. उन्हाळ्याआधीच व्यवहार करायचा असेल तर वरच्या मजल्यावर आधीपासून राहणाऱ्यांना विचारा. बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा ते खरं सांगतात.

चूक दुसरी: तापमानाची गन कशीही रोखणं

इन्फ्रारेड थर्मामीटर एक-दोन हजारांत मिळतो आणि घेण्यासारखा आहे. पण तो पृष्ठभागाचं तापमान सांगतो, हवेचं नाही. काचेवर रोखला तर काचेचं तापमान कळतं, बाहेरचं नव्हे. चकचकीत ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तर आकडा सरळ चुकतो. तिथे काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवून, पाच मिनिटं थांबून टेपवर मोजा. गनवर १२:१ लिहिलेलं असेल तर १२ फुटांवरून ती एक फूट व्यासाच्या गोलाची सरासरी दाखवते. म्हणजे बारीक फट शोधायची असेल तर जवळ जा.

तीन आकडे लिहून घ्या: खोलीच्या मध्यातलं हवेचं तापमान (साध्या थर्मामीटरने), छताचं आणि आतल्या पार्टिशनच्या भिंतीचं. छत हवेपेक्षा एक-दोन अंशांनीच गरम असेल तर चिंता नको. फरक पाच अंशांच्या वर गेला तर त्या खोलीत पंखा गरम हवा फिरवणार आणि एसी छताशी झुंजणार.

चूक तिसरी: कोबा म्हणजेच इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) असं समजणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. "गच्चीवर विटांचा कोबा घातलाय, गरम होणार नाही" हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. कोबा पाण्यासाठी आणि उतारासाठी असतो. उष्णता किती वेगाने आत येते ते यू-व्हॅल्यू सांगते. आकडा जितका कमी तितकं बरं. उघड्या १५० मिमी स्लॅबची यू-व्हॅल्यू साधारण ३. त्यावर साडेचार इंच कोबा घातला तर ती २ च्या आसपास येते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे नियम) छतासाठी कमाल मर्यादा आहे १.२. तुमच्या इमारतीला ती लागू असो वा नसो, मोजपट्टी म्हणून उत्तम.

कोब्याने जे होत नाही ते एक्सपीएस बोर्डाचा (कडक, बंद पेशींच्या फोमचा) दोन इंची थर करतो: यू-व्हॅल्यू ०.५ च्या घरात. एक इंचातही ०.८ पर्यंत येते, म्हणजे पैसे कमी असतील तर एक इंच घाला, पण घाला. क्रम असा: स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर सांधे एका रेषेत येऊ न देता घट्ट बसवलेले बोर्ड, मग जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), त्यावर जाळी घालून दोन इंच काँक्रीट, वर पांढरी चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). पाण्याच्या तोंडाकडे उतार १०० ला १ तरी हवा. दोन इंच काँक्रीटचं वजनच चौरस मीटरला १२० किलो होतं, तेव्हा जुन्या कोब्यावर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. साधा पांढरा थर्माकोल गच्चीवर वापरू नका. पाणी धरतो आणि पाणी धरलेलं इन्सुलेशन काही कामाचं राहत नाही.

नुसता पांढरा उष्णतारोधक रंगही चांगलं काम करतो, फक्त धूळ बसेपर्यंत. दर वर्षी फेब्रुवारीत गच्ची घासून धुवायची तयारी असेल तरच त्यावर भिस्त ठेवा.

चूक चौथी: भिंत ठोकून न बघणं

हल्लीच्या टॉवरमध्ये बाहेरच्या भिंतीही बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. साइटवर याला मायवान म्हणतात. बांधकाम झपाट्याने होतं, भिंती सरळसोट येतात, पण सहा इंची काँक्रीट विटेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने उष्णता आत सोडतं. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) भिंत या बाबतीत कितीतरी सरस. खिळा ठोकायला ड्रिलच लागत असेल आणि बिट घसरत असेल तर काँक्रीट समजा. अशा घरात पश्चिमेच्या भिंतीला पलंगाचं डोकं लावू नका. बाहेरून उपाय करायला सोसायटीची परवानगी लागते. आतून कपाटं लावणार असाल तर मागे दोन इंच जागा सोडा, नाहीतर कोकणात पहिल्याच पावसाळ्यात कपाटांच्या पाठीला बुरशी येईल.

चूक पाचवी: दक्षिणेचा छज्जा पश्चिमेलाही पुरेल असं धरणं

दक्षिणेला सूर्य दुपारी उंच असतो, दोन फुटी छज्जा त्याला अडवतो. पश्चिमेला चारनंतर तो खाली उतरतो आणि छज्ज्याखालून थेट सोफ्यावर येतो. तिथे उभी झडप, बाहेरून बांबूची चटई किंवा वेल हवी. आतल्या पडद्याने ऊन दिसत नाही एवढंच. उष्णता काचेतून आत आलेली असते.

उत्तरेची खिडकी नेहमी थंड हाही समजच. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस होतो, त्यानंतर जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो.

काचेला गडद फिल्म लावण्याआधी काच टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) आहे का बघा. साधी काच फिल्ममुळे असमान तापून तडकू शकते. आणि दोन ट्रॅकची सरकती खिडकी फक्त अर्धीच उघडते. उष्ण-दमट मुंबई-रत्नागिरीसाठी इको निवास संहिता सांगते की उघडणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावं. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला बाल्कनीची दारं धरून १०० चौरस फूट. टेप घ्या आणि मोजा.

चूक सहावी: फॉइल भिंतीला चिकटवणं

चंदेरी बबल शीटची जादू तिच्या चकचकीत बाजूला मोकळी हवा असेल तरच चालते, किमान एक इंच. स्लॅब आणि फॉल्स सीलिंगच्या जिप्समच्या मधे सँडविच करून टाकली तर तिचा उपयोग शून्याजवळ. चकचकीत बाजू खाली ठेवा, वर धूळ बसते. ग्लासवूल घालत असाल तर दोन इंचाचं एक इंचात दाबू नका. आणि दिव्यांसाठी भोकं पाडली की प्रत्येक भोक गरम हवेची वाट होते.

फॉल्स सीलिंगमधलं इन्सुलेशन संध्याकाळी तीन-चार तास एसी चालणाऱ्या खोलीला पटकन थंड करतं. पण स्लॅब तापतोच, प्रसरण पावतोच, आणि वरच्या वॉटरप्रूफिंगला तडे जातातच. दोन्हींतून एकच निवडायचं असेल तर गच्चीवरचं.

फटी

किचनचा एक्झॉस्ट चालू करा, दारं-खिडक्या बंद, हातात उदबत्ती. खिडकीच्या चौकटीभोवती, एसीच्या पाइपच्या भोकाशी आणि मुख्य दाराखाली फिरवा. धूर आत ढकलला गेला तर फट आहे. चौकट आणि भिंतीमधली फट आधी पीयू फोमने (फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फोमने) भरा, वरून सिलिकॉन. नुसती पुट्टी वर्षभरात सुटते. सरकत्या खिडकीचे ब्रश झिजले असतील तर बदलून घ्या, पण तळाची पाणी जाण्याची भोकं बुजवू नका.

चूक शेवटची: बिलावरून घर जोखणं

पहिल्या महिन्यांच्या बिलात सुतार-रंगाऱ्याची यंत्रंही असतात. थेट मीटर बघा. त्यावर '३२०० इम्पल्स' असं काही लिहिलेलं असतं: लाल दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा. दिवा लुकलुकतच राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करतोय. आता फक्त एसी २४ अंशांवर लावा. मिनिटात ८० वेळा लुकलुकला तर वापर दीड किलोवॅट, दीड टनाचा एसी पूर्ण जोरात. इन्व्हर्टर एसी तासाभराने २५-३० वर यायला हवा. फिल्टर, गॅस आणि टनेज ठीक असूनही तो ७०-८० लाच चिकटून असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी गन छताकडे रोखा.