मातीच्या विटा मशीनवर पाडताय? या चुका टाळा

हातमशीनवर सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा पाडायच्या म्हणजे भट्टी नाही, जळण नाही, दोन माणसांत काम उरकेल, असं वाटतं. साच्यातली माती दाबायचा दांडा ओढायला फार जोर लागत नाही, हे खरंच. कंबर मोडते ती माती खणताना, चाळताना आणि वाहताना.

म्हणून पहिली चूक जागेची. २४ × २४ × ९ सेंटिमीटरची वीट जवळजवळ १० किलो भरते. अशा २००० विटा एकदा इकडच्या तिकडे केल्या, तरी २० टन वजन उचललं! चाळण, मिसळायची जागा, मशीन आणि थप्पी एका ओळीत, एकमेकांच्या जवळ हवेत. थप्पी लांब गेली की मशीन सरकवा. रचलेली थप्पी मात्र पुन्हा हलवायची नाही.

काळी माती फुकट मिळाली तरी नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तांबडी, रेताड माती घ्या, तीही वरचा मुळ्या-पाल्याचा थर काढून.

आमची सगळ्यात महाग चूक सिमेंटची. वजनाच्या ५ टक्के सिमेंट, म्हणजे ५० किलोच्या गोणीला १००० किलो माती, साधारण १०० विटा. सारखं सारखं मिसळायचा कंटाळा म्हणून पहिल्याच दिवशी अख्खी गोणी ओतली. जेवून परत येईतो उरलेल्या ढिगातलं सिमेंट आळून वाया गेलं होतं, त्या ढिगाच्या विटांचे कोपरे बोटानं निघाले. कोरडी माती हवी तेवढी चाळून ठेवा. सिमेंट-पाणी मात्र अर्ध्या तासात संपेल एवढ्याच मालात घाला.

पाण्याचा अंदाज मुठीनं घ्यावा. गोळा दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन बसला तर जास्त. चार-पाच तुकडे झाले की माल तयार.

दांडा अगदी सहज खाली आला तर साच्यात माती कमी पडली. अडला तर लटकू नका, थोडी माती काढा. घमेल्याच्या अंदाजाऐवजी डबा ठरवून घ्या.

आणि या विटा उन्हात वाळवायच्या नाहीत! सिमेंटला ओल लागते. दोन दिवस प्लास्टिकखाली ठेवा, मग गोणपाट टाकून २८ दिवसांपर्यंत ओलसर ठेवा. त्यानंतर प्रत्येक थप्पीतली एक वीट रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी कडा नखानं निघाल्या, तर ती थप्पी भिंतीत घालू नका.