घरच्या सामाईक संगणकावर नको ती संकेतस्थळे कशी अडवावीत

इंदुरातील आमच्या घरी बैठकीच्या खोलीत एकच संगणक आहे आणि सकाळी आजोबांच्या वर्तमानपत्रापासून रात्री मुलांच्या शाळेच्या प्रकल्पापर्यंत सर्व कामे त्यावरच होतात. मुले घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात व तिन्ही भाषांत शोध घेतात, त्यामुळे आक्षेपार्ह शब्दांची यादी करून ते अडवण्याचा उपाय आमच्याकडे टिकला नाही. शब्दांऐवजी संकेतस्थळाचा पत्ताच अडवणे अधिक खात्रीचे, असे माझे मत झाले आहे.

मात्र त्याआधी विंडोजमध्ये मुलांसाठी स्वतंत्र ‘स्टँडर्ड’ खाते उघडावे आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्ड फक्त मोठ्यांकडे ठेवावा. ही पायरी गाळली, तर पुढे केलेली प्रत्येक सेटिंग मुलांना दोन मिनिटांत पूर्ववत करता येते.

संगणक कोणतेही संकेतस्थळ उघडण्यापूर्वी त्याच्या नावाचा अंकी पत्ता डीएनएस सर्व्हरला विचारतो. हा सर्व्हरच नको त्या नावांचा खरा पत्ता देईनासा झाला, तर शोध कोणत्याही भाषेत घेतलेला असो, ते पान उघडत नाही. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२० साली कुटुंबांसाठी सुरू केलेली अशी सेवा विनामूल्य आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ येथे जाऊन आपल्या वाय-फाय किंवा इथरनेट जोडणीच्या तपशिलात ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ हे ‘मॅन्युअल’ करावे, आयपीव्ही४ सुरू करावे आणि पहिल्या चौकटीत १.१.१.३ व दुसरीत १.०.०.३ हे या सेवेच्या सर्व्हरचे आकडे इंग्रजी अंकांत भरावेत. १.१.१.२ हा आकडा चुकून भरू नये, कारण तो केवळ घातक सॉफ्टवेअर अडवतो, प्रौढांसाठीचा मजकूर नाही. हेच आकडे राउटरमध्ये भरले तर घरातील मोबाइललाही संरक्षण मिळते, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडताच राउटरचा अटकाव संपतो. म्हणून मी दोन्हीकडे ते भरले आहेत.

ब्राउझरमधील ‘सिक्युअर डीएनएस’ हा पर्याय वेगळ्याच सर्व्हरला विचारणा करू शकतो, म्हणून तो बंद करावा आणि अधूनमधून तपासत राहावा.

या गाळणीतून सुटलेल्या एखाद्या संकेतस्थळासाठी ‘होस्ट्स’ फाइल, म्हणजे संगणकावरचीच नावे व अंकी पत्त्यांची यादी, उपयोगी पडते. ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये, ‘ड्रायव्हर्स’मधील ‘ईटीसी’ या उपफोल्डरात असते. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यात ही फाइल उघडावी, तिच्या शेवटी नव्या ओळीवर ०.०.०.० लिहावे, एक जागा सोडून संकेतस्थळाचे नाव लिहावे आणि त्याच नावाआधी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेली दुसरी ओळही घालावी, कारण ही फाइल प्रत्येक रूप वेगळे मानते. जतन करताना नावामागे ‘टीएक्सटी’ चिकटणार नाही हे पाहावे. तसे झाले तर विंडोज ती फाइल वाचतच नाही.

शोधयंत्र स्वतःच्या पानावर दाखवते ती चित्रे डीएनएसने अडत नाहीत. त्यासाठी गूगलमध्ये ‘सेफसर्च’ आणि यूट्यूबवर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ सुरू करावा.

शेवटी ‘न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ हा क्लाउडफ्लेअरचा चाचणीपत्ता उघडून पाहावा. तो उघडला नाही तर गाळणी काम करीत आहे. आम्ही ही चाचणी मुलांना शेजारी बसवून केली आणि शाळेच्या कामाचे पान अडले तर आईला सांगायचे, एवढे तेव्हाच ठरवून घेतले.